नातीच्या रक्तातल्या चांदण्या

माझी नात जन्मली तेव्हा तिची आजी जाऊन सहा महिने होत आले होते. माझी पत्नी किडनीच्या आजाराने गेली. आजारपण दोन वर्षं चाललं आणि त्या दोन वर्षांत आमच्या कसबा बावड्यातल्या घरात कागदांचे गठ्ठे साठले. सगळे रक्ताचे रिपोर्ट. तिचे दिवस झाल्यावर मी ते गठ्ठे बाहेर काढले आणि एकेक करून पाणी तापवायच्या बंबात घातले. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. जन्मभर कागद जपण्याचा पगार घेतलेल्या माणसाने असं करावं याचं मुलीला आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. यापुढे या घरात रक्ताचा रिपोर्ट यायचा नाही, एवढंच तेव्हा मनात होतं.

सहा महिन्यांच्या आत आला. तीन दिवसांच्या मुलीचा.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेर म्हणजे आता मी एकटा. म्हणून तिची मावशी, माझ्या पत्नीची धाकटी बहीण, चंदगडहून एसटीने येऊन राहिली होती. सोबत पिशवीभर काजू आणि घरचे तांदूळ. गुरुवारी पहाटे बाळंतपण सुखरूप झालं. शनिवारी दवाखान्यातून सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ थोडं पिवळसर दिसतंय, काविळीची एक तपासणी करा आणि रिपोर्ट मला पाठवा. एक तपासणी. हे मी स्वतः ऐकलं. पण नमुना घ्यायला आलेल्या लॅबच्या माणसाने जावयांना सांगितलं की एकच करण्यापेक्षा सगळं एकदम केलं तर पॅकेजमध्ये बसतं. आमचे जावई शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहेत. तपासणीला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे की मामा," ते मला म्हणाले, आणि बाळाची टाच टोचून, पिळून पिळून रक्त काढलं गेलं. बाळ लालबुंद होऊन रडलं. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

दुपारी जावयांच्या फोनवर रिपोर्ट आला. फोनवर बारीक दिसतं म्हणून ते चौकात जाऊन छापून घेऊन आले. दोन पानं होती. डावीकडे तपासणीचं नाव, मग आकडा, मग निरोगी माणसाचा आकडा कितीपासून कितीपर्यंत असतो ती मर्यादा. आपला आकडा त्या मर्यादेबाहेर गेला की तो ठळक छापतात आणि शेजारी एक चांदणी देतात. बिलिरुबिन म्हणजे काविळीचा आकडा, त्याला चांदणी. पोटॅशियमला चांदणी. फॉस्फरसला चांदणी. अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं काहीतरी होतं, ते दुपटीच्या आसपास, चांदणी. साखर कमी, प्रथिनं कमी, त्यांनाही. चांदणी नव्हती ती एका क्रिएटिनिनला, म्हणजे किडनीच्या आकड्याला.

दुसऱ्या एखाद्या घरात काय झालं असतं? कावीळ एवढा शब्द कळला असता, बाकीचं कोणाला कळलं नसतं, आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवून माणसं मोकळी झाली असती. आमच्या घराची पंचाईत ही की इथे सगळ्यांना रिपोर्ट वाचता येतो. माझी मेहुणी सातवीनंतर शाळेत गेली नाही, पण पोटॅशियम वाढलं की काय करायचं हे तिला झोपेत विचारलं तरी सांगेल. केळं बंद, नारळपाणी बंद, टोमॅटो बंद, भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. फॉस्फरस वाढलं तर दूध, दही, सुकामेवा बंद. प्यायचं पाणी मोजून. बहिणीसाठी महिनामहिना इथे येऊन तिने हे सगळं केलं होतं.

तिने कागदावर बोट ठेवून ओळी पाहिल्या आणि पोटॅशियमपाशी थांबली.

"पोटॅशियम पाच पॉइंट आठ? दाजी, ताईचं शेवटाला सहा झालतं की वो."

"हे बाळ आहे," मी म्हणालो.

"बाळ हाय म्हून तर. एवढंसं हाय आनि एवढं पोटॅशियम?"

सोमवारी संध्याकाळी पाचवी पुजायची होती. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून आमच्याकडे पाळण्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात. मेहुणी त्याच तयारीने आली होती. आता ती कपाळाला हात लावून म्हणाली, "सटवाईनं लिवायच्या आधी लॅबवाल्यानंच लिवून टाकलं."

जावयांनी रिपोर्ट डॉक्टरबाईंना पाठवला होता. थोड्या वेळाने उत्तर आलं. वर केलेला अंगठा, आणि खाली एक ओळ: ठीक आहे, दूध पाजत राहा, सोमवारी सकाळी दाखवा. मी सुटकेचा श्वास सोडला. तो सोडणारा घरात मी एकटाच होतो.

"नुसता अंगठा," मेहुणी म्हणाली. "अंगठा दावून पोर बरं हुतंय व्हय?"

"मामा, त्यांनी दुसरं पान उघडलंच नसणार," जावई म्हणाले. "फक्त काविळीचं बघून रिप्लाय दिलाय."

रविवारी सकाळी मी दात घासून स्वयंपाकघरात गेलो आणि तिथेच थांबलो. गॅसवर पातेलं होतं. ॲल्युमिनियमचं, दोन कानांचं, तळाला एका बाजूला पोचा आलेलं. पत्नीची भाजी त्याच्यात उकळायची. ती गेल्यावर मी ते माळ्यावर अगदी मागे, गणपतीच्या मखराच्या पाठी ठेवलं होतं. आता त्यात शेपू रटरटत होता, आणि मेहुणी पदराने कान धरून ते मोरीकडे नेत होती. हिरवं पाणी वाफ सोडत मोरीत गेलं. तो वास मी ओळखला. दोन वर्षं आमच्या घराला तोच वास होता. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की बावड्यात मळीचा वास भरून राहतो, त्या वासातूनही तो मला येत असे.

"हे पातेलं कोणी काढलं?"

"मी. का?"

"माझ्या मुलीला किडनीचा आजार आहे का?"

"तिला कशाला असंल? पर बाळ काय खातंय? आईचं दूध. आईच्या पोटात जाईल ते बाळाच्या पोटात. मग आईनंच पथ्य धरायला पायजे का नको?"

चुकीच्या गोष्टीवर इतकं चोख बोलणारं माणूस समोर असलं की मला काही सुचत नाही. पुस्तकांच्या सहवासात राहून राहून माझं असं झालं आहे, की मला उत्तर सापडतं ते दुसऱ्या दिवशी. मी एवढंच म्हणालो, "बाळाला काही झालेलं नाही."

"कोन म्हनलं? तुम्ही? ताईच्या पयल्या रिपोर्टाला एकच चांदणी हुती. समद्यास्नी वाटलं, असतंय एखादं. ह्या पोरीच्या कागदावर किती हायत्या मोजा."

ते खरं होतं. पहिल्या रिपोर्टातली ती एकुलती चांदणी घरातल्या सगळ्यांनी पाहिली होती आणि सगळ्यांनी सोडून दिली होती. आता कोणीही चांदणी सोडायला तयार नव्हतं. त्यांची भीती मला समजत होती, आणि समजत होती म्हणून जास्तच चीड येत होती. मूर्खपणावर रागावता येतं. यांच्यावर मनासारखं रागावताही येईना.

मुलीला मी खोलीत जाऊन पाहिलं. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू मेहुणीनेच चंदगडहून करून आणले होते, तो डबा वरच्या फळीवर गेला होता. पुढ्यात ताटली होती: पांढरा भात आणि पिळून कोरडा केलेला, रंग गेलेला शेपू. शेजारी पाण्याचं फुलपात्र. तिच्या आईला पाणी मोजून द्यायचं तेच. बाळ छातीशी होतं, ओढायचं, सोडायचं, पुन्हा रडायचं. मुलीचे ओठ सुकले होते.

"तहान लागली आहे का तुला?"

"लागते. पण चालेल."

"काय चालेल? तू बाळंतीण आहेस. तुला पाणी मोजून द्यायचं म्हणजे काय?"

"अप्पा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या दाखवायचंच आहे. उगाच कशाला रिस्क."

हे तिने तिच्या आईच्या आवाजात म्हटलं. आईही असंच म्हणायची, चालेल. मी तांब्या भरून आणला आणि तिच्या उशाशी ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर तो तसाच काठोकाठ भरलेला होता.

दुपारी मात्र गोष्ट माझ्या सहनशक्तीबाहेर गेली. जावयांनी एक तक्ता केला होता. लॅपटॉपवर, रंगीत. एका रकान्यात मर्यादा, दुसऱ्यात बाळाचा आकडा, तिसऱ्यात फरक, आणि फरकाचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल.

"मामा, जवळजवळ सगळेच पॅरामीटर बाहेर आहेत. आमच्याकडं असा जॉब आला तर आम्ही अख्खा लॉट थांबवतो."

"बाळ म्हणजे लॉट नाही."

"तसं नव्हं ओ. मी म्हणतोय, क्रॉस चेक करूया. दुसऱ्या लॅबचा माणूस संध्याकाळी घरी येतोय. सांगितलंय मी त्याला."

"म्हणजे पुन्हा टोचणार?"

"दुसऱ्या टाचेला," ते म्हणाले. हे ते दिलासा म्हणून म्हणाले होते.

आतून बाळाचं रडणं येत होतं. पोट न भरलेलं. मी म्हणालो, "तो कागद मला द्या."

मी अजून तो हातात घेतलेला नव्हता. शनिवारी मेहुणीच्या खांद्यावरून जेवढा दिसला तेवढाच. बंबात जे घातलं ते पुन्हा हातात घ्यायचं माझं धाडस होत नव्हतं. आता खुर्ची ओढून, चष्मा पुसून बसलो. वाचनालयात नवं पुस्तक आलं की नोंद करताना मजकूर वाचत नाहीत. आधी नावाचं पान, त्याच्या मागचं पान, कोणाचं आहे, कुठली आवृत्ती आहे. ती सवय हाताला आहे. मी आकड्यांकडे न जाता कागदाच्या माथ्यापासून सुरुवात केली. नाव: माझ्या मुलीचं, त्याच्या आधी बेबी ऑफ. लिंग: स्त्री. वय: सत्तावीस वर्षे.

मी पुन्हा वाचलं. सत्तावीस वर्षे.

"हे बघा," मी म्हणालो. "हे बाळाचं वय आहे का?"

जावई वाकले. मेहुणी हात पुसत बाहेर आली.

"टायपिंग मिस्टेक," जावई म्हणाले.

"टायपिंग मिस्टेक नाही. कॉम्प्युटरला वाटतंय ही सत्तावीस वर्षांची बाई आहे. म्हणून त्याने सत्तावीस वर्षांच्या बाईच्या मर्यादा छापल्या. सत्तावीस वर्षांच्या बाईला बाळाचं रक्त असलं तर चांदण्या पडणारच."

मला वाटलं, संपलं. एवढं स्वच्छ मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन. मेहुणीने कागद घेतला, पाहिला, परत दिला.

"वय चुकलं म्हून रक्त बदलतंय व्हय, दाजी? रक्त पोरीचंच हाय न्हवं?"

"रक्त तिचंच आहे."

"मग पोटॅशियम बी तिचंच. पाच पॉइंट आठ ते पाच पॉइंट आठ. तिथं बाईचं नाव टाका न्हाय तर म्हशीचं टाका."

मी समजावलं. आकडा वेगळा आणि माप वेगळं. फ्रॉक मोठ्या बाईच्या मापाने शिवला तर बाळ बारीक ठरत नाही. ती म्हणाली, फ्रॉकाचं सोडा, फ्रॉकानं कोण मरत न्हाय. मी म्हणालो, नवजात बाळाचं प्रमाण निराळं असतं. ती म्हणाली, किती असतंय मग, सांगा की. ते मला सांगता येईना. मोठ्या माणसाचं पोटॅशियम किती असावं हे मला दशांशासकट पाठ होतं. निरोगी बाळाचं किती असावं, हे जाणून घ्यायची वेळच आली नव्हती. घरातली पुस्तकांची तीन कपाटं पाठीशी होती, पण त्यांत ते कुठे नव्हतं.

मग मला फौंड्री आठवली. जावई लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आले तेव्हा बोलायला दुसरा विषय नव्हता म्हणून त्यांनी मला ओतीव लोखंडाचे प्रकार समजावून सांगितले होते. मी भिडेखातर ऐकलं होतं.

"तुमच्याकडे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न अशी दोन लोखंडं असतात ना?"

"असतात की."

"दोघांचे तक्ते वेगळे?"

"एकदम वेगळे. कार्बन वेगळा, सिलिकॉन वेगळं."

"एसजीचा जॉब कोणी ग्रेच्या तक्त्यावर तपासला तर?"

ते हसले. "खुळं हाय काय कोण असं तपासायला? सगळंच बाहेर जाईल की." आणि मग त्यांचं हसू तोंडावरच थांबलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. वरची ओळ वाचली. लॅपटॉपवरचा लाल रकाना पाहिला.

"ग्रेड चुकलीय," शेवटी ते म्हणाले. मग फोन उचलून त्यांनी संध्याकाळी येणाऱ्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसरी टाच वाचली. पातेलं वाचलं नाही. "लोखंडाचं मला सांगू नगासा," म्हणत मेहुणी आत गेली आणि रात्रीची भाजी पुन्हा उकळून निघाली. मुलगी ती खात होती, फुलपात्राने पाणी पीत होती, आणि बाळ ओढून ओढून दमून झोपत होतं. या घरात दोन माणसांना पटवायला मला सबंध दुपार लागली आणि त्यातलं एकच पटलं, हा हिशेब घेऊन मी अंथरुणावर पडलो.

सोमवारी सकाळी आम्ही पाचही जण दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट मागितलाच नाही. बाळाला उघडं केलं, उजेडाला धरलं, कपाळावर, छातीवर, पायावर अंगठा दाबून त्वचेचा रंग पाहिला. वजन केलं. शी-शू विचारली. बाळाने त्यांचं बोट घट्ट धरलं तेव्हा "वा, जोर आहे," म्हणाल्या. मग त्यांची नजर मुलीकडे गेली.

"ओठ का सुकलेत? पाणी किती पितेस?"

मुलीने अंगठा आणि बोट यांच्यात फुलपात्राएवढं अंतर धरून दाखवलं. "तीनदा," म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं?"

जावयांनी मेहुणीकडे पाहिलं. मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"रिपोर्टात पोटॅशियम वाढलंय न्हवं," मेहुणी म्हणाली.

मग तो कागद निघाला. डॉक्टरबाईंनी दुसरं पानही पाहिलं. "हे एवढं सगळं मी कुठे सांगितलं होतं?"

"पॅकेजमध्ये बसत होतं," जावई हळू आवाजात म्हणाले.

आमच्या घरावर ओढवलेलं पूर्वीचं सगळं मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी आवाज उतरवला आणि कागद फिरवून मेहुणीच्या पुढे धरला. चिडल्या होत्या, पण समजावायला बसल्या.

"मावशी, पोटात असताना बाळाच्या अंगात रक्त जास्तीचं असतं. बाहेर आल्यावर ते जास्तीचं रक्त मोडतं, त्याचा हा पिवळेपणा. तो काढून टाकायचं काम लिव्हरचं, आणि तिचं लिव्हर परवा कामाला लागलंय. किती तासांचं बाळ आहे त्यावर आम्ही आकडा ठरवतो. हिच्या तासांना हा आकडा बरोबर आहे. पोटॅशियम पहिल्या दिवसांत सगळ्याच बाळांचं मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं. त्यात टाच पिळली की रक्तातल्या पेशी फुटतात, त्यांच्या आतलंही मोजलं जातं. हे फॉस्फरस, हे खालचं, ही वाढत्या हाडांची लक्षणं आहेत. तुमच्या-माझ्याइतकं निघालं असतं तर मी विचारात पडले असते. साखर थोडी कमी, कारण आत्तापर्यंत आईकडून नळासारखी येत होती, आता ओढून प्यावी लागते. तेही ठीक आहे. ती भरपूर प्यायली की झालं."

मेहुणीने सगळं ऐकलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्या क्रिएटिनिनला चांदणी न्हाय. एवढं तरी ब्येस हाय न्हवं?"

डॉक्टरबाईंना हसू आलं. "ते तर अजून तिचं नाहीच. पहिले काही दिवस बाळाच्या रक्तात क्रिएटिनिन असतं ते आईचंच. तिथून आलेलं. हळूहळू उतरेल, मग तिचं स्वतःचं दिसायला लागेल."

"म्हणजे हे माझं आहे?" मुलीने विचारलं.

"साधारण तुझंच म्हण."

"आणि ते चांगलं आहे?"

"छान आहे की. का?"

आई गेल्यापासून मुलीने स्वतःचा एकही रिपोर्ट हातात घेतला नव्हता. गरोदरपणातले सगळे नवऱ्याने परस्पर दाखवले होते. तिने बाळाला वर उचलून घेतलं आणि पाणी मागितलं. डॉक्टरबाईंची बाटली तिने तिथेच उभ्या उभ्या संपवली.

बाहेर आल्यावर मेहुणी म्हणाली, "तोंडी सांगितलं त्यांनी. कागदावर चांदण्या हायत्याच अजून."

मी वाद घातला नाही. रिक्षा करून लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीला कागद दाखवला. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"काका, बाळाचं वय घालायला कॉम्प्युटरवर दुसरी खिडकी उघडायला लागते. गर्दीत आम्ही आईचंच टाकतो. डॉक्टरांना माहीत असतंय."

"आणि घरच्या लोकांना?"

"घरच्यांनी कशाला वाचायचं?" ती मनापासून म्हणाली.

मी म्हणालो, बाई, ती दुसरी खिडकी उघड. तिने उघडली. वर्षांच्या जागी दिवस घातले, कागद मशीनमधून सरकत आला. आकडे तेच. शेजारच्या मर्यादा बदललेल्या. चांदणी एकही नाही. इतकंच होतं. एका खिडकीसाठी माझी मुलगी दोन दिवस तहानलेली राहिली होती.

घरी आलो तेव्हा पाचवीची तयारी चालली होती. मेहुणीने नवा कागद घेतला, वरून खाली बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा खुलला.

"बघा! उतरलं का न्हाय? दोन दिस भाजीचं पाणी टाकलं त्याचा गुण."

मी जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. पाच पॉइंट आठ, पाच पॉइंट आठ. एकेक ओळ बोटाने दाखवली. ती बघत राहिली.

"आकडं तेच हायत व्हय? मग चांदण्या कशानं गेल्या?"

"वय बरोबर लिहिलं म्हणून."

तिने दोन्ही कागद पुन्हा जवळ ओढले. मग कागदावरून मान न उचलता म्हणाली, "मग दाजी, ताईचं बी वय तवा चुकीचं लिवलं असंल का वो?"

दोन दिवसांचा सगळा राग माझ्या अंगातून निघून गेला आणि त्या जागी काय आलं ते मला सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हणालो. "तिचं बरोबर होतं."

"व्हय," ती म्हणाली आणि उठली.

पण राग फार वेळ लांब राहिला नाही. थोड्या वेळाने पाळण्यापाशी गेलो तर सटवाईसाठी पाटावर पेन ठेवलेलं आणि त्याच्या शेजारी कागद. मी उचलून पाहिला. चांदण्यांचाच रिपोर्ट, पालथा घातलेला.

"हे काय?"

"मागनं कोरा हाय की. चांगला कागद कशाला वाया घालवायचा?"

मी टेबलाच्या खणातून एक पांढरा ताव काढून दिला. जुना कागद बंबाकडे गेला.

पूजा झाली. स्वयंपाकघरात शेपू शिजत होता, त्याच पातेल्यात. मी दारात उभा होतो. मेहुणीने पदराने कान धरले, पातेलं उचललं आणि पाय आपोआप मोरीकडे वळले. काठ कलंडायला आला आणि ती थांबली. मग वाटी घेतली, पाणी तिच्यात ओतलं, आणि ती वाटी घेऊन माझ्या शेजारून खोलीत गेली.

"पी," ती मुलीला म्हणाली. "दोन वर्सं हे मी मोरीत वतलंय."

मुलीने फुंकर घातली आणि प्यायली. मग तोंड वाकडं केलं.

"मावशी, मीठ किती ते!"

"गप पी. बिनमिठाचं करून करून अंदाज गेलाय माझा. लाडू देऊ का दोन?"

"दे. आणि तांब्या पण दे भरून."

बाळ जागं होऊन कुरकुरायला लागलं होतं. मुलीने वाटी खाली ठेवून त्याला जवळ घेतलं. एकदा सोडलं त्याने, मग पुन्हा धरलं. मी तांब्या भरायला गेलो. परत आलो तेव्हा खोलीत नुसता गिळण्याचा आवाज येत होता. मेहुणी पायाशी बसून, डब्याचं झाकण मांडीवर घेऊन, ते ऐकत होती. मी तांब्या आत सरकवला आणि दार ओढून घेतलं.